कोहा वापरणाऱ्या महाविद्यालयांनी आपला वाटाही उचलावा

महोदय,

विदर्भातील आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पुस्तकांची देवघेव 'कोहा' या ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही मोफत वापरता व सुधारता येणाऱ्या, संगणक प्रणालीवर चालते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात प्रणालीचे नाव, आवृत्ती आणि संगणकीकरणाचे वर्ष भरले की बहुतेकांचा तिच्याशी संबंध संपतो. ती कोण लिहिते, कोण दुरुस्त करते, हा प्रश्न ना प्राचार्यांना पडतो ना संस्थाचालकांना.

कोहाचा उगम न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भाजीपाला पिकवणाऱ्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयात झाला. तेथील जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली, पुढच्या जानेवारीत वापरात आणली आणि सर्वांसाठी खुली केली. आज तिची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. त्यामागे स्वेच्छेने वेळ देणारे आहेत तसे पगारी लोकही आहेत आणि त्यांचा खर्च फ्रान्स, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांतील ग्रंथालये व सेवा पुरवणाऱ्या कंपन्या उचलतात. आपण जिला फुकट म्हणतो, तिचे पैसे कोणीतरी भरतच असतो. आपल्याकडे कोहा बसवून देणाऱ्याला मोबदला मिळतो, तो रास्तच आहे. पण त्यातला रुपयाही मूळ कामापर्यंत पोचतो का, हे कोणी विचारत नाही.

असा भार एकाच खांद्यावर राहिला की काय होते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. संगणक व सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स या खुल्या प्रणालीत फायली आक्रसून लहान करणारे 'एक्सझेड' हे साधन अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता. आपली मनःस्थिती ठीक नसल्याचे त्याने उघडपणे लिहिले होते, तरी कामाचा तगादा थांबला नाही. मदतीच्या मिषाने आलेल्या एकाने दोन वर्षांहून अधिक काळ नीट काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि नंतर त्या साधनात चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकला, म्हणूनच ती सर्वत्र पसरण्याआधी सापडली. आपले कोहाही लिनक्सवरच चालते.

'आपल्याकडून काय होणार?' असे आमच्या बैठकांत हमखास विचारले जाते. कोहामध्ये कोणतीही दुरुस्ती स्वीकारण्याआधी ती लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी वापरून पाहून संमती द्यावी लागते, त्यानंतर तिसरी व्यक्ती गुणवत्ता तपासते. पहिली तपासणी करण्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या चाचणी-प्रतीवर पुस्तक देऊन, परत घेऊन, दंड आकारून पाहणे हे कोणत्याही ग्रंथपालाचे रोजचेच काम आहे. मराठी नावांच्या शोधात किंवा देवनागरी नोंदींच्या क्रमवारीत येणाऱ्या अडचणी तर आपल्याशिवाय कोण नोंदवणार? त्या आपण एकमेकांना फोनवर सांगतो आणि तिथेच सोडून देतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प व कार्यप्रशिक्षणासाठी श्रेयांक मिळतात. आमच्या तालुक्याच्या गावी कार्यप्रशिक्षण देणारी आस्थापना शोधताना प्राध्यापकांच्या नाकी नऊ येतात आणि शेवटी ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणले जाते, हे उघड गुपित आहे. त्याऐवजी कोहाचे मराठी भाषांतर, चाचणी किंवा त्रुटीनोंद यांसारखे काम ग्राह्य धरावे. ते कोणी, केव्हा आणि किती केले याची नोंद जाहीर राहते, त्यामुळे खोट्या प्रमाणपत्रालाही वाव उरत नाही. आधी गावात झाडू मारून मगच भाकरी घेणाऱ्या संत गाडगेबाबांचे नाव ज्या विद्यापीठाला आहे, त्याने यात पुढाकार घेणे शोभूनही दिसेल. अभ्यासमंडळांनी येत्या शैक्षणिक वर्षाच्या परिपत्रकात हा पर्याय समाविष्ट करावा आणि महाविद्यालयांनी ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात देखभाल-योगदानासाठी, रक्कम लहान का असेना, स्वतंत्र शीर्ष ठेवावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल,
जि. यवतमाळ