पासवर्ड बरोबरच होता

मा. संपादक,

"आजकालच्या पोरांना साधा पासवर्ड लक्षात राहत नाही" अशा अर्थाचं एक पत्र तुमच्याकडे नुकतंच छापून आलं, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी एका डिप्लोमा कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, कॉलेजचं नाव नको.

आमच्याकडे पोरं लॅबच्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय) एका उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरला लॉगिन करतात आणि तिथेच प्रोग्राम लिहितात. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी ३० पैकी ६ जणांचं लॉगिनच होईना. म्हणजे पासवर्ड टाकला की वेलकमचा मेसेज यायचा, मागचं लॉगिन कधी केलं ती तारीख पण यायची, आणि सेकंदभरात कनेक्शन क्लोज्ड. बाकी २४ जण आरामात टाइप करत बसलेले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, पासवर्ड विसरला असशील. पोरगा म्हणतोय, नाही हो सर, बरोबर टाकलाय. तर म्हणे मग तूच काहीतरी करून ठेवलंयस.

आता हे एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू यिलोनेनने लिहिलं तेच मुळी नेटवर्कवरून कोणी पासवर्ड चोरू नये म्हणून, त्यामुळे असेल कदाचित, पण काही बिघडलं की सगळ्यांचं बोट आधी पासवर्डवरच जातं. मी पण तेच केलं, खोटं कशाला बोलू, सहाही जणांचे पासवर्ड रीसेट केले आणि अर्धा तास घालवला. सर्व्हरचा ऑथ लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं-गेलं त्याची नोंदवही, आधी उघडला असता तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं, पासवर्ड ॲक्सेप्टेड, सेशन ओपन, आणि लगेच सेशन क्लोज. म्हणजे दार उघडलं होतं, पोरगं आत गेल्यावर पडत होतं. मग डिस्क भरलीय का बघितलं, अकाउंटची मुदत संपलीय का, पासवर्ड फाइलमध्ये शेल (लॉगिन झाल्यावर आपल्या कमांडी घेणारा प्रोग्राम) बरोबर दिलंय का, सगळं ठीक. शेवटी कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, मेसेज काढले तर तिथे बॅश सेगफॉल्ट, बॅश सेगफॉल्ट अशा ओळीच ओळी, म्हणजे बॅश नावाचं ते शेलच मेमरीच्या चुकीने कोसळत होतं.

गंमत म्हणजे लॉगिन न करता नुसती एखादी कमांड पाठवली, उदाहरणार्थ तारीख विचारली, तर त्याच ६ अकाउंटवर उत्तर यायचं, त्यामुळे मी अजूनच गोंधळलो.

मग म्हटलं या सहांमध्येच असं काय आहे जे बाकीच्यांकडे नाही, आणि त्यांच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींच्या तारखा बघितल्या. सहाही जणांची डॉट बॅशआरसी, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल, एकाच दुपारी बदललेली, मागच्या प्रॅक्टिकलच्या शेवटच्या दहा मिनिटांत. आमच्याच डिपार्टमेंटने वाटलेल्या झेरॉक्समध्ये लिहिलं होतं की पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) सेट करायला या फाइलच्या शेवटी डॉट प्रोफाइल ही लॉगिनच्या वेळची सेटिंगची फाइल सोर्स करायची, म्हणजे तिथूनच वाचून चालवायची, ओळ टाका. आता उबंटूमध्ये डॉट प्रोफाइल स्वतःच डॉट बॅशआरसीला बोलावते. म्हणजे सरकारी ऑफिसात कसं, या टेबलवाला त्या टेबलकडे पाठवतो आणि तो परत याच्याकडे, तसं सुरू झालं, आणि प्रत्येक खेपेला थोडी थोडी मेमरी अडकत जाऊन स्टॅकची, म्हणजे अशा खेपांसाठी राखलेल्या मेमरीची, ८ एमबी संपली की शेल कोसळतं. नुसत्या कमांडला हे होत नव्हतं कारण उबंटूच्या त्या फाइलमध्ये वरच अट असते, समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच मागे फिर, त्यामुळे शेवटच्या ओळीपर्यंत गाडी जातच नव्हती. रूटने, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य अकाउंटने, लॉगिन करून त्या ६ फाइलींची नावं बदलली, दोन मिनिटांत सगळे आत. रूट नसता तरी चाललं असतं, एसएफटीपी (एसएसएचवरूनच फाइली हाताळायची सोय) चालू होतं, पोरांनी स्वतःच नाव बदललं असतं.

म्हणजे बघा, ज्यांनी झेरॉक्स नीट वाचून सांगितलं तसं केलं तेच ६ जण अडकले, आणि ज्यांनी कंटाळा केला ते २४ सुटले. सहांना पाऊण तास कमी मिळाला, तो काही भरून दिला नाही, "सगळ्यांना वेळ सारखाच" म्हणे. मी विभागप्रमुखांना लेखी दिलंय की त्या झेरॉक्समध्ये एक ओळ वाढवा, ही फाइल बदलताना चालू असलेली विंडो बंद करू नका, दुसऱ्या विंडोत लॉगिन करून बघा, झालं तरच पहिली सोडा. अजून उत्तर नाही. नवीन बॅचसाठी तेच झेरॉक्स परत काढून आलंय, ६० कॉप्या, मी बसून प्रत्येकावरची ती डॉट प्रोफाइलवाली ओळ पेनाने खोडतोय.

– एक लॅब असिस्टंट, सांगली