जंतर मंतरवर साथ देणाऱ्यांचे मनापासून आभार

2015 च्या जूनपासून दिल्लीत माजी सैनिकांचं वन रँक वन पेन्शनसाठी (हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी असतील तर पेन्शनही सारखी, रिटायर कधीही झालेले असोत) साखळी उपोषण चालू होतं तेव्हा आम्हीपण साताऱ्याहून गेलेलो, बाबा रिटायर्ड हवालदार, छातीवर मेडलं लावून बसायचे. त्या उकाड्यात आईला अंघोळीला स्वतःच्या घरी नेणाऱ्या ताई, पाण्याचे जार आणून ठेवणारा आणि पैशाला हात न लावणारा तो पोरगा, फॅमिली पेन्शनचा हिशोब वहीत मांडून समजावणाऱ्या वीरपत्नी मावशी, तुमची नावं माहीत नाहीत पण आमच्या घरात तुमचा विषय अजून निघतो. 5 सप्टेंबरला घोषणा झाली, 1 जुलै 2014 पासून लागू. पेन्शनचं रिव्हिजन दरवर्षी हवं होतं ते पाच वर्षांनी ठरलं, ती खंत आहेच, पण जे पदरात पडलं ते तुमच्यासारख्यांमुळेच. खूप खूप आभार, साताऱ्याकडे आलात तर घरी यायचंच.