उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रौढांचे पदव्युत्तर शिक्षण

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की वृत्तपत्रांची पाने उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींनी भरू लागतात. पोहणे, चित्रकला, संस्कारवर्ग आणि अलीकडे कोडिंग, असे जे काही असते ते सारे मुलांसाठी असते. ज्यांना पदवी घेऊन पंधरा-वीस वर्षे झाली, ज्यांची नोकरी स्थिरावली आणि ज्यांना आता पुन्हा काही गंभीरपणे वाचावे, त्यावर चार जाणत्यांबरोबर बोलावे असे वाटते, त्यांना देण्यासारखे आपल्या विद्यापीठांकडे उन्हाळ्यात काही नसते. नोकरी न सोडता, लागोपाठच्या उन्हाळी सुट्ट्यांत पूर्ण करता येईल असा साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजविचार आणि विज्ञान यांचा एकत्रित पदव्युत्तर अभ्यासक्रम मराठीतून सुरू व्हावा, अशी सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अशा अभ्यासक्रमासाठी नवा कायदा करावा लागणार नाही, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे देत आहे.

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. व्हरमाँट राज्यातील मिडलबरी कॉलेजने डोंगरातल्या ब्रेड लोफ या ठिकाणी १९२० मध्ये इंग्रजी साहित्याची उन्हाळी शाळा सुरू केली. तेथे सहा आठवड्यांचे सत्र असते, येणाऱ्यांत शाळाशिक्षकांचा भरणा मोठा असतो आणि चार-पाच उन्हाळ्यांत एम.ए. पूर्ण करता येते. तो अभ्यास मात्र एकाच विषयाचा होता. अनेक विषयांना कवेत घेणारा, ‘लिबरल स्टडीज’ या नावाने ओळखला जाणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठाने १९५३ मध्ये सुरू केला, तोही मुख्यतः शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून. पुढे जॉन्स हॉपकिन्स, डार्टमथ, स्टॅनफर्ड अशा नामवंत संस्थांनी आपापल्या पद्धतीने ही वाट धरली आणि १९७५ मध्ये अशा अभ्यासक्रमांची एक संघटनाही उभी राहिली. शिक्षकांपासून सुरुवात होण्याचे कारण उघड आहे. दीर्घ आणि ठरावीक वेळची सुट्टी हाती असणारा एवढा मोठा सुशिक्षित वर्ग दुसरा नाही, आणि एका शिक्षकाने वाचलेले पुढे शेकडो मुलांपर्यंत पोहोचते.

या सर्वांत मला विशेष वाटतो तो सेंट जॉन्स कॉलेजचा प्रयोग. या संस्थेची अ‍ॅनापोलिस आणि सांता फे अशी दोन आवारे आहेत. १९३७ पासून तेथील पदवी अभ्यासक्रम पाठ्यपुस्तकांवर न बेतता मूळ ग्रंथांच्या वाचनावर बेतलेला आहे. १९६७ मध्ये सांता फे येथे त्यांनी शिक्षकांसाठी उन्हाळी पदव्युत्तर वर्ग सुरू केले. साहित्य, राज्य आणि समाज, तत्त्वज्ञान आणि धर्मविचार, गणित आणि निसर्गविज्ञान, इतिहास असे पाच विभाग त्यात असतात आणि त्यांपैकी चार पूर्ण केले की पदवी मिळते. उन्हाळ्याचे एक सत्र म्हणजे एक विभाग, म्हणजे चार उन्हाळ्यांत पदवी. शिकवणाऱ्याला तेथे प्राध्यापक म्हणत नाहीत आणि तो व्याख्यान देत नाही. टेबलाभोवती पंधरा-वीस जण बसतात, शिकवणारा वाचून आलेल्या मजकुराविषयी एक प्रश्न मांडतो आणि पुढचा वेळ सर्वांचा असतो. साहित्याची शिक्षिका युक्लिडचे प्रमेय फळ्यावर सोडवते आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक प्लेटोतील एखाद्या संवादावर निबंध लिहितो. आपल्या विषयाबाहेर पडून पुन्हा विद्यार्थी होण्याची जी संधी चाळिशीतल्या माणसाला एरवी कोणी देत नाही, ती येथे अभ्यासक्रमाच्या रचनेतच आहे. याच सांता फेमध्ये भारतीय, चिनी आणि जपानी अभिजात ग्रंथांचा स्वतंत्र एम.ए. असून त्यासाठी संस्कृत किंवा अभिजात चिनी भाषेचा अभ्यास करावा लागतो. न्यू मेक्सिकोतील वाळवंटी गावात प्रौढ विद्यार्थी उपनिषदांवर चर्चा करतात, आणि संस्कृत शास्त्रांच्या अध्ययनाची जुनी संस्था असलेली वाईची प्राज्ञपाठशाळा ज्या जिल्ह्यात आहे त्या माझ्या जिल्ह्यात नोकरदार माणसाला तशी सोय नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

तिकडचे सारेच अनुकरणीय आहे असे मी म्हणत नाही. तेथील शुल्क हजारो डॉलरच्या घरात असते आणि शिष्यवृत्ती मिळाली तरी ते सर्वांच्या आवाक्यात येत नाही. ग्रंथांची निवड दीर्घकाळ युरोपपुरती राहिली, ही टीका तिथल्याच लोकांनी केली आहे. विद्यार्थी कमी झाल्याने काही विद्यापीठांनी अलीकडे हे अभ्यासक्रम आवरतेही घेतले आहेत. तरीही प्रौढ माणूस चर्चेतून, मूळ मजकूर समोर ठेवून आणि सुट्टीच्या सलग काळात शिकतो, हे त्यांनी ओळखले आणि त्याला पदवीचे वजन दिले, एवढे घेण्यासारखे आहे.

उन्हाळा आणि प्रौढांचे शिक्षण यांची सांगड आपल्याला परकी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराच्या काठी दर रविवारी मुलांना ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांतील (संडे स्कूल) शिक्षकांसाठी उन्हाळी मेळावा भरला होता. दोघांचा आरंभ असा मागेपुढे झाला, पण पुढच्या वाटा वेगळ्या झाल्या. शटॉक्वाने चारच वर्षांत, १८७८ मध्ये, घरी बसून वाचणाऱ्यांसाठी चार वर्षांचा वाचनक्रम आखला, गावोगावी वाचनमंडळे निघाली आणि क्रम पूर्ण करणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळू लागले. आपण व्याख्यानांवर थांबलो. वसंत व्याख्यानमालेचे अनुकरण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी केले, विद्यापीठांबाहेरील लोकांसाठी काम करणाऱ्या त्यांच्या बहिःशाल मंडळांनी व्याख्याते खेड्यांपर्यंत नेले आणि त्यातून घडलेल्या श्रोत्यांच्या पिढ्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु श्रोता शेवटी श्रोताच राहिला. वक्त्याचे दीड तासाचे भाषण, आभार, आणि वेळ उरला तर दोन प्रश्न, या चौकटीत ऐकणाऱ्याला स्वतः वाचून येण्याची, मत मांडण्याची आणि ते खोडले गेल्यावर पुन्हा विचार करण्याची गरजच पडत नाही.

दुसरीकडे पदवीची सोय आहे, पण तीत सहवास नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून केलेले काम मोठे आहे. ज्या गृहिणी, कामगार आणि शिपाई पदवीधर झाले, त्यांना दुसरा दरवाजाच उघडा नव्हता. तरी दूरशिक्षणाचा प्रत्यक्ष व्यवहार बहुतेक ठिकाणी पुस्तकांचा संच, काही संपर्कसत्रे आणि परीक्षा एवढ्यावर येऊन ठेपतो. मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका असताना माझ्या सहकाऱ्यांपैकी अनेकांनी असे एम.ए. केले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाजारातले गाइड वाचून ते चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले आणि एकानेही मला अभ्यासक्रमातल्या एखाद्या ग्रंथाविषयी कधी काही सांगितले नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडून दुसरे काही मागितलेच गेले नव्हते.

आता नियमांकडे वळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात उन्हाळी सुट्टीतील आठ आठवड्यांच्या सत्राची स्पष्ट तरतूद आहे, आणि त्यात नियमित विषयही जलद गतीने शिकवता येतील, असे म्हटले आहे. ही तरतूद पदवीपुरती असली तरी पदव्युत्तर पातळीवर तिचा विस्तार करण्यास तत्त्वतः अडचण दिसत नाही. एका श्रेयांकासाठी, म्हणजे क्रेडिटसाठी, पंधरा तासांचे अध्यापन लागते. म्हणजे चार श्रेयांकांचा विषय साठ तासांचा झाला. मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सहा आठवडे मिळतात. आठवड्याला पाच दिवस धरले तर रोज दोन तासांत एक विषय पूर्ण होतो आणि रोज चार तासांत दोन. त्याहून अधिक विषय कोंबले तर वाचायला वेळच उरणार नाही, म्हणून एका उन्हाळ्यात आठ श्रेयांक हीच मर्यादा मला योग्य वाटते.

येथे एक खरी अडचण येते. अमेरिकेत एम.ए. साधारण तीस ते छत्तीस श्रेयांकांचे असते आणि म्हणून ते चार उन्हाळ्यांत बसते. आपल्याकडे दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ऐंशीच्या आसपास श्रेयांक लागतात. केवळ उन्हाळ्यावर विसंबले तर दहा वर्षे लागतील, आणि तेवढा धीर कोणीही धरणार नाही. त्यामुळे जून ते एप्रिल या काळात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली वाचन, दिवाळीच्या सुट्टीत काही दिवस एकत्र बैठक, महिन्यातून एखादी दूरदृश्य चर्चा आणि वर्षअखेर दीर्घ निबंध, यांना मिळून आणखी आठ श्रेयांक द्यावे लागतील. म्हणजे वर्षाला सोळा, आणि पाच वर्षांत ऐंशी. विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा झालेले श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य धरले जातात, तेव्हा आजारपण किंवा मुलांचे दहावी-बारावीचे वर्ष यांमुळे एखादा उन्हाळा हुकला तरी आधीचे कष्ट वाया जात नाहीत. तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी चाळीस श्रेयांक होतात. ज्यांना तेथेच थांबायचे असेल, त्यांना पदव्युत्तर पदविका देऊन सन्मानाने निरोप देता येईल.

ही जबाबदारी कोणाची, असाही प्रश्न निघेल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये प्रत्येक विद्यापीठासाठी आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. या मंडळाने प्रस्ताव करावा, संबंधित अभ्यासमंडळांनी एकत्र बसून विषय ठरवावेत आणि विद्या परिषदेने त्यास मान्यता द्यावी. अनेक विद्याशाखांत पसरलेला अभ्यासक्रम कोणत्याच एका विभागाचा नसतो आणि म्हणून तो कोणाचाच होत नाही, हा आपल्या विद्यापीठांतील अनुभव लक्षात घेता, सुरुवातीलाच एका समन्वयकाकडे पूर्ण अधिकार सोपवणे आवश्यक आहे.

काय वाचावे, हे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. इतकेच सुचवते की वारकरी संतांपासून महात्मा फुले, ताराबाई शिंदे, आगरकर आणि डॉ. आंबेडकर यांच्यापर्यंतचा मराठी मातीतला वाद-संवाद त्याच्या मूळ शब्दांत वाचला जावा, त्याच्या शेजारी ग्रीक, चिनी, अरबी आणि युरोपीय विचार चांगल्या मराठी अनुवादात असावा, आणि गणित व विज्ञान वगळले जाऊ नये. आपल्याकडे कला शाखेचा पदवीधर विज्ञानाला आणि विज्ञान शाखेचा पदवीधर कवितेला आयुष्यभर बिचकतो, याला अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी केलेली विभागणी कारणीभूत आहे. ती विभागणी चाळिशीत तरी मोडता यावी. परीक्षा शक्यतो तोंडी आणि निबंधाची असावी, कारण दहा गुणांच्या सहा प्रश्नांनी हा अभ्यास मोजता येणार नाही आणि तसा मोजायला गेल्यास गाइड पुन्हा बाजारात येतील.

उन्हाळ्याला असणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. तेथे वर्ग सकाळी सात ते अकरा या वेळेतच घ्यावे लागतील, किंवा त्या भागातील शाळा जूनअखेर उघडतात याचा फायदा घेऊन सत्र थोडे पुढे न्यावे लागेल. मे हा लग्नसराईचा महिना आहे. शेतकरी घरातील शिक्षकांची याच काळात खरिपाची तयारी चालू असते. शिक्षकांच्या मागे निवडणूक आणि जनगणनेची कामे असतात. शिवाय वरिष्ठ व निवड या वाढीव वेतनश्रेणींसाठीची प्रशिक्षणेही सुट्टीतच येतात, आणि ही प्रशिक्षणे नुसती उपस्थितीची सही घेणारी न राहता त्यांच्या जागी या अभ्यासक्रमाचे श्रेयांक ग्राह्य धरले गेले तर अनेक शिक्षक आपण होऊन नाव नोंदवतील. शालेय शिक्षण विभागाला एका शासन निर्णयाने हे करता येण्यासारखे आहे.

स्त्रियांचा प्रश्न मला अधिक कठीण वाटतो. सुट्टी म्हणजे मुले घरी, पाहुणे घरी, वर्षाचे पापड-कुरडया आणि लोणची त्याच महिन्यात, अशी आपल्याकडची रीत आहे, आणि पुरुष शिक्षकाला जी सुट्टी असते ती शिक्षिकेला नसते. सहा आठवडे घराबाहेर राहणे अनेकींना अशक्य होईल. म्हणून निवासी वर्गाचा हट्ट न धरता जिल्ह्याच्या ठिकाणी, सकाळच्या वेळेत, मुलांना बरोबर आणता येईल अशा आवारात वर्ग भरवावेत. महाविद्यालयांच्या इमारती आणि ग्रंथालये मे महिन्यात रिकामीच असतात. मुलांचे उन्हाळी शिबिर त्याच आवारात शेजारच्या खोलीत चालले तर आईचा वर्ग आणि मुलाची चित्रकला एकाच वेळी होईल. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हाही शिक्षणाची रचना बायकांच्या प्रत्यक्ष आयुष्याकडे पाहून करावी असाच विचार त्यामागे होता.

राहिला शिकवणाऱ्यांचा आणि पैशाचा प्रश्न. प्राध्यापकांची सुट्टी हिरावून हे होणार नाही. त्यांना वेगळे मानधन द्यावे लागेल, आणि निवृत्त प्राध्यापकांपैकी ज्यांची चर्चा चालवण्याची तयारी आहे त्यांना बोलवावे लागेल. सारेच चांगले वक्ते चर्चेला योग्य असतात असे नाही, हेही निवड करताना पाहावे. वीस विद्यार्थ्यांच्या वर्गात शुल्कातून सर्व खर्च निघणार नाही. नोकरदार माणूस वाजवी शुल्क देऊ शकतो, उरलेला भार विद्यापीठाने विस्तारकार्याच्या निधीतून उचलावा.

माझी विनंती मर्यादित आहे. पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर यांपैकी एखाद्या विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन मंडळाने येत्या दिवाळीपर्यंत असा प्रस्ताव विद्या परिषदेपुढे ठेवावा आणि पुढच्या मे महिन्यात एकाच जिल्ह्यात, वीस जणांचा एक वर्ग दोन विषयांसह सुरू करून पाहावा. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर कुलगुरूंची आणि त्याहीपेक्षा नोकरी करणाऱ्या वाचकांची मते मागवावीत. कोणत्या गावात किती जण सुट्टीतले सहा आठवडे द्यायला तयार आहेत, हे त्यातून विद्यापीठांना निदान कळेल.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
सातारा