बरणीतले बेडूकमासे नकोत, क्ले घे

सोनू,

काल फोनवर छकुली मागे लागली होती ना, आजी मला बरणीत बेडूकमासे हवेत म्हणून, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. नको आणूस गं. तुला आठवत नसेल, तू चार वर्षांची होतीस, मी डबक्यातून दहाबारा बेडूकमासे आणले आणि थेट नळाचं पाणी ओतलं, त्यातल्या क्लोरीनचा विचारच केला नाही, बरेचसे लगेच मेले. एक मात्र तगला, आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे, आपण दोघींनी टाळ्या वाजवल्या आणि सकाळी बघतो तर तो पाण्यात उलटा. तोवर त्याचे कल्ले जाऊन तो फुफ्फुसाने श्वास घ्यायला लागला होता, वर येऊन बसायला दगड हवा होता, मी ठेवलाच नव्हता. किती रडलीस तू. मला अजून वाईट वाटतं.

म्हणून म्हणते क्ले घे. गोल डोकं आणि लांब शेपूट, झाला बेडूकमासा. आता पाय करायचे, आधी मागचे मग पुढचे, पण नवीन क्ले घ्यायचा नाही हं, शेपटीतूनच चिमूट चिमूट काढायचा. मुलांना वाटतं शेपूट गळून पडते, पण ती अंगातच जिरते, आणि त्या दिवसांत पिल्लू जवळजवळ काही खात नाही कारण तोंड, आतडी सगळंच बदलत असतं, आधी शेवाळ खरवडून खाणारा तो आता किडे खाणार असतो, मधल्या काळात ती शेपूटच त्याची शिदोरी. हे नुसतं सांगून कळत नाही, बोटाखाली शेपूट लहान होताना दिसली की बरोब्बर कळतं. आणि बोटं मोजून करा, पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच.

जिभेसाठी एखादं रिकामं खोकं बेडकाचं तोंड म्हणून घे आणि कागदाची लांब पट्टी त्याच्या तोंडाशी अगदी पुढे चिकटव, कारण बेडकाची जीभ पुढून जोडलेली असते, आपली मागून. घास गिळताना तो डोळे आत दाबतो, तेही तिला करून दाखव, खूप हसेल.

कातडीचं मात्र नीट समजावून सांग. दोन टिश्यू पेपर घे, एकाला आधी तेल चोळ, मग दोन्हीवर पाण्याचे थेंब टाक. कोरडा लगेच पाणी पितो, तेलकटावर थेंब तसेच राहतात. बेडूक कातडीतूनच पाणी घेतो, थोडाफार श्वासही तिच्यातूनच, म्हणून क्रीम नाहीतर साबण लागलेल्या हाताने त्याला अजिबात धरायचं नाही. हात लावला की चामखीळ येते असं कुणी तिला सांगितलं तर खोटं आहे म्हणून सांग, ती भीती डोक्यात बसायला नको.

एवढं झालं की तिला डबक्यावर घेऊन जा. जेलीसारखा गोळा दिसला तर बेडकाची अंडी, लांब माळ दिसली तर बहुतेक भेकाची, म्हणजे त्या खरखरीत कातडीच्या बेडकाची. बघायचं, मोजायचं, तिथेच ठेवायचं.

क्लेच्या बेडकाचा फोटो पाठव, शेपूट थोडी उरली असली तरी चालेल.

तुझी आई