सूचना : बोन्सायच्या फांद्यांवरील तारा तपासण्याबाबत

सांगलीतील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उन्हाळ्याअखेरीस वड, पिंपळ व त्यांच्याच कुळातील इतर फायकस झाडांच्या फांद्यांना आकार देण्यासाठी गुंडाळलेल्या तारा आता तातडीने तपासाव्यात. कारण पावसाळ्यात ही झाडे झपाट्याने जाड होतात आणि तार काही आठवड्यांतच सालीत रुतून बसते. असे वळ पुढे अनेक वर्षे दिसत राहतात. रुतू लागलेली तार उलटी फिरवून सोडवू नये, तर तारकटरने प्रत्येक वेढा स्वतंत्रपणे कापून काढावा. तार वाचविण्याचा मोह होतो खरा, परंतु ॲल्युमिनियमच्या तारेपेक्षा फांदी मोलाची आहे.

नव्याने तार बांधताना तिची जाडी फांदीच्या साधारण एक-तृतीयांश असावी, वेढे सुमारे 45 अंशांच्या कोनात व समान अंतराने घ्यावेत, आणि शक्यतो एकाच तारेने जवळच्या दोन फांद्या बांधाव्यात, म्हणजे तार मधल्या खोडावर पक्की बसते. तार बांधण्याच्या दिवशी आधी पाणी घालू नये. किंचित कोरडी फांदी सहज वाकते. नुकतीच कुंडी बदललेल्या झाडांना सध्या हात लावू नये.

शंका असलेली झाडे येत्या रविवारच्या बैठकीस आणावीत.