काचबिंदूवाल्या डॉक्टरांची गोष्ट

ग्रेनोबल, रविवार

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण नको, म्हणून हे पत्र काकूच वाचून दाखवेल. फोनवर तुम्ही विचारलंत, "वाचताना डोळे कसे हलतात, यात एवढं शिकायचं काय?"

आजोबा, वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत नाही, उड्या मारतो. सात-आठ अक्षरांची एक उडी, मग पाव सेकंद थांबा, मधूनच मागे वळून बघणं. उडीदरम्यान तर जवळजवळ काही दिसतच नाही. पॅरिसच्या एमील जाव्हाल या नेत्रवैद्यांच्या प्रयोगशाळेत 1879च्या सुमारास लामार नावाच्या सहकाऱ्याने पापणीला नळी लावून या झटक्यांचे आवाज कानाने मोजले. वाचनावर आयुष्य घालवलेल्या जाव्हालांना पुढे काचबिंदूने पुरतं अंधत्व आलं. तरी त्यांचं वाचनावरचं पुस्तक आलं 1905 साली, म्हणजे त्यानंतरच.

माझं काम म्हणजे संगणकाला असे खोटे डोळे द्यायचे. शब्द किती लांब, किती नेहमीचा, यावरून तो कुठे किती थांबेल ते त्याने सांगायचं. मग खऱ्या वाचकांच्या नोंदींशी ताडून बघायचं. पण ही फ्रेंच भाषा! पाणी म्हणजे 'ओ'. लिहिताना ई, ए, यू अशी तीन अक्षरं, आणि त्यांत 'ओ' औषधालाही नाही. शब्दाआधी उपपद चिकटलं की होतं 'लो', मध्ये एक अपॉस्ट्रॉफी. हा एक शब्द धरायचा की दोन? मी एक धरला आणि दोन आठवडे आकडे जुळेनात.

'ल', 'ला', 'ले' असली चिमुकली उपपदं तर वाचक सर्रास ओलांडून जातात. तिथली चूक म्हणूनच निसटते. तुम्ही प्रेसमध्ये प्रूफं शेवटाकडून वाचायचात ते आठवलं. अर्थच लागला नाही की डोळ्याला उडी मारायला जागा उरत नाही! आणि तुमची ती चीर पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी? इथे तसाच प्रयोग करतात: नजरेभोवतीची थोडी अक्षरं सोडून पडद्यावरचं बाकी सगळं झाकायचं. 1975पासून त्याचे प्रबंध निघताहेत, आणि तुमचं काम पुठ्ठ्यावर भागत होतं.

पट्टी अजून आहे का? असेल तर दादाच्या बॅगेत टाका, चेपू देऊ नका म्हणावं. थेंब वेळेवर घाला.

तुमची,
मनू