त्या ताईंचे आभार
उन्हाळी कोडिंग शिबिरात मुलांना वेब डिझाइन शिकवत होतो आणि वळवाच्या पावसात इंटरनेट गेलं. सगळं काम ऑनलाइन एडिटरवर! मुलं चुळबुळायला लागली. भावाला सोडायला आलेल्या एक ताई पुढे आल्या. त्यांनी प्रत्येक संगणकावर नोटपॅड उघडून दिलं. एचटीएमएलची, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेतली, फाइल ब्राउझरमध्ये नेटशिवायही उघडते, हे करून दाखवलं. सहावीतल्या एका मुलीचं मराठीत लिहिलेलं नाव पडद्यावर भलत्याच चिन्हांत उमटलं, ती रडवेली झाली. ताई तिच्याशेजारी बसल्या. कीबोर्डला हातही न लावता ‘मेटा चारसेट यूटीएफ-८’ ही, अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारी ओळ एकेक अक्षर सांगत तिच्याकडूनच लिहून घेतली. नाव नीट दिसताच पोरीने टाळीच वाजवली!
ताई, गडबडीत तुमचं नाव कळलं नाही. मनापासून आभार. पुढच्या शिबिराला शिकवायलाच या.